आई-बाबांना अमेरिकेला बिझनेस क्लासने पाठवताय? आधी सीट पाहा, कंपनी नंतर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा न्यू जर्सीत. आई ६७ वर्षांची, बाबा ७२ वर्षांचे, दोघं पुण्यात. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मागच्या खेपेला इकॉनॉमीने गेले तेव्हा पाय सुजले आणि दोन रात्री धड झोप नाही. म्हणून यंदा बिझनेस क्लास. भाडं इकॉनॉमीच्या तिपटीच्या वर जातंय. एवढे पैसे घालावेत का, घातले तर कोणत्या कंपनीत, आणि त्या दोघांना निघण्याआधी काय सांगून ठेवावं?

मी पुण्यात विमान तिकिटांचं काम करतो, कागदी तिकिटांच्या वह्या फाडून देत होतो तेव्हापासून. "कोणती कंपनी चांगली" हा प्रश्न मला रोज येतो आणि मी दरवेळी तो बाजूला ठेवतो. माझं उत्तर: पैसे जरूर घाला, पण "बिझनेस क्लास" या पाटीसाठी घालू नका. रात्रीच्या ज्या लांब टप्प्यात ते दोघं झोपणार आहेत, त्या टप्प्यावरच्या नेमक्या विमानातल्या नेमक्या सीटसाठी घाला. जेवण, लाउंज, गरम टॉवेल, दिव्यांचे रंग हे सगळं वरचं. पैसे आडवं पडता येण्याचे आहेत.

हे एवढं ठासून सांगतोय, कारण एकाच पाटीखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट आणली, आणि मग हळूहळू बाकीच्यांना आणावीच लागली. पण कंपन्या सगळी विमानं एकदम बदलत नाहीत. एअर इंडियाच्या ए३५० या विमानात बिझनेसच्या २८ सीट आहेत, १-२-१ अशा (म्हणजे एका रांगेत एक, मग वाट, दोन, पुन्हा वाट, एक), प्रत्येकीला सरकतं दार. त्याच कंपनीच्या जुन्या ७८७-८मध्ये मात्र २-२-२. एमिरेट्सच्या ए३८०च्या वरच्या मजल्यावर १-२-१, आणि जुन्या धाटणीच्या ७७७मध्ये २-३-२, म्हणजे बिझनेसचं भाडं भरून कुणीतरी तिघांतल्या मधल्या सीटवर. कतार एअरवेजची दारं असलेली क्यूस्वीट ही सीट २०१७ पासून आहे, पण ती त्यांच्या प्रत्येक विमानात नाही. तेव्हा कंपनीचं नाव ऐकून हरखून जाऊ नका.

२-२-२ किंवा २-३-२मध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाला रात्री उठायचं तर शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून जावं लागतं. तरुणाला त्याचं काही नाही. सत्तरीतल्या माणसाला रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं आणि त्याचा गुडघा नीट दुमडत नाही. मी तर पाहिलंय की ही मंडळी शेजाऱ्याला त्रास नको म्हणून पाणीच पीत नाहीत. १-२-१मध्ये प्रत्येक सीटवरून थेट वाटेवर पाय टाकता येतो. तुमच्या बाबांसाठी मी याहून कमी काही घेणार नाही.

हे तपासणं सोपं आहे. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, कधी नुसता कोड असतो: ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०. मग सीटचा नकाशा उघडा आणि एका रांगेत किती सीट आहेत ते मोजा. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात चार असतील तर ठीक. सहा किंवा सात असतील तर दुसरी फ्लाइट बघा. हे तिकीट काढण्याआधी करायचं, नंतर नव्हे. आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा करायचं, कारण विमान बदललं जातं. वर्ग तोच राहिला तर "मला सरकत्या दाराची सीट सांगितली होती" या तक्रारीवर सहसा काही मिळत नाही. वर्गच खाली उतरवला तर मात्र गोष्ट वेगळी. भारताच्या डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे: आंतरराष्ट्रीय प्रवासात तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर अंतराप्रमाणे तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत. ७५ टक्के हे ३,५०० किलोमीटरच्या वरच्या टप्प्यासाठी. हा नियम काउंटरवर तोंडपाठ असलेला बरा.

आता मार्ग. मुंबईहून न्यूयॉर्कला किंवा शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाकडे जायला ढोबळमानाने तीन तऱ्हा: थेट, आखातातून, युरोपातून. बहुतेक लोक किंमत आणि एकूण तास बघून ठरवतात. मी झोपेचा सलग तुकडा बघतो. युरोपातून गेलात तर प्रवासाचे दोन साधारण सारखे तुकडे पडतात, एक नऊ तासांच्या आसपास आणि दुसरा आठ-नऊ. प्रत्येकात चढल्यावर जेवण, उतरण्याआधी पुन्हा खाणं, मधे दिवे मंद. हाती येते चार-पाच तासांची झोप, तीही दोनदा तुटलेली. आखातातून गेलात तर पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांच्या आसपास. त्या दुसऱ्या टप्प्यात जेवून, झोपून, उठून, पुन्हा डुलकी काढता येते. पहिला टप्पा वाया जातो, पण वाया जायला तोच बरा. थेट फ्लाइट उत्तमच, मधे विमानतळ बदलायचा ताण नाही. फक्त एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यापासून भारतीय कंपन्यांच्या पश्चिमेकडच्या काही फ्लाइट वळसा घेऊन जाऊ लागल्या, काही मधे इंधनाला थांबू लागल्या. "थेट" असं लिहिलेलं खरंच थेट आहे का, हे तिकिटाच्या दिवशी वाचून घ्या. थेट मिळत असेल पण दिल्लीहून, तर मुंबई-दिल्ली टप्प्यावर बिझनेस म्हणजे लहान विमानातली रुंद खुर्ची मिळण्याची शक्यताच जास्त. तिच्यावर जीव लावू नका.

आखातातल्या दोन बारकाव्यांचा तुमच्याशी थेट संबंध आहे. एमिरेट्सची नेवार्कची फ्लाइट अथेन्समार्गे जाते. मुलगा न्यू जर्सीत म्हणून "नेवार्कच हवं" असा हट्ट धरलात तर चौदा तासांच्या सलग तुकड्याचे पुन्हा दोन तुकडे होतात. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ घ्या. मुलाला गाडीचा आणि टोलचा थोडा ताप होईल, होऊ दे. दुसरा बारकावा अबू धाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम विमानात बसण्याआधीच होतं. तिथल्या एतिहाद कंपनीने गेलात तर ज्येष्ठांची सगळ्यात धास्तीची रांग आणि "किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार" ही प्रश्नोत्तरं अबू धाबीतच उरकतात. जेएफकेला ते देशांतर्गत प्रवाशासारखे उतरून सरळ सामानाच्या पट्ट्याकडे जातात. पहिल्या-दुसऱ्यांदा जाणाऱ्या, इंग्रजीत बिचकणाऱ्या आई-बाबांसाठी मला ही सोय मऊ गादीइतकीच मोलाची वाटते. फक्त अबू धाबीत मधला वेळ तीन तासांच्या आत ठेवू नका, तिथे सुरक्षा तपासणी पुन्हा होते.

सगळाच प्रवास बिझनेसने परवडत नसेल तर जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी किंवा इकॉनॉमी असं एकाच तिकिटावर बऱ्याच कंपन्या करून देतात. वेगवेगळी एकेरी तिकिटं काढू नका, ती बहुधा महाग पडतात. जातानाच का? परत आल्यावर ते स्वतःच्या घरात असतात, आपल्या अंथरुणात, आपल्या डॉक्टरच्या जवळ. दोन दिवस लोळले तरी कुणाचं काही अडत नाही. तिकडे मात्र उतरल्याबरोबर नवं घर, नवी हवा आणि नातवंडं अंगावर. प्रीमियम इकॉनॉमीबद्दल एक खुलासा: ती खुर्ची आहे, जरा ऐसपैस, पण खुर्चीच. पाय सुजण्याची तक्रार असलेल्याला तिथे फरक पडतो, पण बेताचाच.

भाड्याच्या बारीक अक्षरांकडे वळतो. बिझनेसमध्येही हल्ली स्वस्त आणि महाग भाडी असतात. काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज नसतं, सीट आधी निवडता येत नाही, तारीख बदलायला घसघशीत दंड असतो. तुमच्या बाबतीत सीट निवडणं आणि तारीख बदलणं या दोन गोष्टी सोडू नका, कारण अमेरिकेला गेलेल्या आई-बाबांची परतीची तारीख हमखास बदलते. लाउंज सोडलं तर चालेल. भारतात काढलेल्या बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. भावांची तुलना करताना कर धरून आलेला शेवटचा आकडाच बघा. तुम्ही तिकडून थेट कंपनीकडे बुक करणार असाल तर अमेरिकेचा २४ तासांचा नियम कामाचा आहे: प्रवासाला सात किंवा जास्त दिवस असतील तर बुकिंगनंतर २४ तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात, किंवा काही कंपन्या पैसे न घेता तेवढा वेळ भाडं धरून ठेवतात. म्हणजे आधी तिकीट काढा आणि मग रात्री फोनवर आई-बाबांशी सीटची चर्चा करा.

इकॉनॉमी काढून नंतर अपग्रेडची बोली लावायची, म्हणजे वरच्या वर्गासाठी जादा किती देऊ ते कंपनीला कळवून वाट बघायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणारच. एकट्या तरुणाने लावावी. ज्येष्ठांसाठी मी त्या भरवशावर राहत नाही. बोली दर टप्प्याला वेगळी असते आणि लागते ती अनेकदा मुंबई-आखात या तीन तासांच्या टप्प्यावर, जिथे तिचा काडीचा उपयोग नाही. चौदा तासांच्या टप्प्यावर बिझनेस आधीच भरलेलं असतं. शिवाय बोली लागेपर्यंत सीट निवडता येत नाही. नीटनेटके कपडे घालून गेलं की काउंटरवर फुकट अपग्रेड मिळतं, ही दंतकथा तर इतकी चिवट आहे की आजही माझ्याकडे लोक कोट घालून जाऊ का म्हणून विचारतात. कोट थंडीसाठी घाला.

जोडप्यांच्या सीटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. मुलं हौसेने दोघांना खिडकीच्या सीट देतात, एकामागे एक. नवीन सीटच्या भिंती उंच असतात, त्यात दार. आई पुढच्या खोक्यात, बाबा मागच्या. चौदा तास एकमेकांचं तोंड दिसत नाही. गोळी घेतली का, हे विचारायलाही उठावं लागतं. अशा जोडप्यांना मधल्या जोडसीट द्या. मधला पडदा खाली घेता येतो, हात लांब केला की शेजारचं माणूस सापडतं, आणि दोघांनाही आपापल्या बाजूची वाट मोकळी असते. मधेही दोन प्रकार असतात: काही रांगांत सीट एकमेकींना चिकटून, तर काहींत मधे टेबलांची रुंदी. चिकटलेल्या घ्या. गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, आणि स्वच्छतागृह यांच्या अगदी लगतची रांग टाळा, रात्रभर तिथे दिवा आणि भांड्यांचा आवाज. पण पार लांबही नको. बऱ्याच विमानांत विभागाच्या पहिल्या रांगेत पाय ठेवायचा खोपा इतर रांगांपेक्षा मोठा असतो. बाबा उंच असतील किंवा गुडघा वळवायला त्रास होत असेल तर ती रांग सोन्यासारखी. मात्र तान्ह्या बाळाचा पाळणाही अनेकदा तिथेच लागतो.

विमानात शिरल्यावर पहिलं काम, जे कुणीच सांगत नाही: सीट जमिनीवरच पूर्ण आडवी करून पाहायची आणि पुन्हा सरळ करायची. या सीटमध्ये मोटारी असतात आणि मोटारी बिघडतात. विमानाचं दार बंद व्हायच्या आधी कळलं तर तंत्रज्ञ येऊन बघू शकतो किंवा सीट बदलून मिळते. आकाशात कळलं तर क्रू हाताने खेचून आडवी करून देईल, पण मग रात्रभर तीच स्थिती. माझ्या एका ज्येष्ठ ग्राहकांची सीट अर्ध्यात अडकली आणि ते संकोचापोटी तसेच बसून गेले. आई-बाबांना बजावून सांगा की क्रूला बोलावण्याचं बटण वापरण्यासाठीच आहे. काही कंपन्यांत, सिंगापूर एअरलाइन्सच्या बऱ्याच विमानांत उदाहरणार्थ, सीटची पाठ पुढे उलटवून पलंग करावा लागतो आणि ते काम क्रू करतो. तिथे बटण शोधत बसायचंच नाही.

बाबांच्या गुडघ्यासाठी: आडवी झालेली सीट आपल्या घरच्या पलंगापेक्षा बरीच खाली जाते. तिच्यावरून थेट उठायला गेलं की गुडघ्यावर भार येतो आणि धरायला काही सापडत नाही. उठण्याआधी बटण दाबून सीट अर्धी वर घ्यायची, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. घरी दोनदा समजावून सांगा, अंधारात आठवलं पाहिजे. आणि मोबाइल उशाशी ठेवून झोपायचं नाही. तो सीटच्या फटीत घसरला तर सीट अजिबात हलवायची नाही, क्रूला बोलवायचं. यंत्रात फोन चिरडला तर त्याची बॅटरी पेट घेऊ शकते.

मुंबईहून या फ्लाइट बहुतेक मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. रात्री दोनला चार टप्प्यांचं जेवण जेवायला बसलं की झोपेचे दीड-दोन तास गेले. म्हणून जेवण पुण्याहून निघताना किंवा लाउंजमध्ये उरकून घ्यावं आणि लांब टप्प्यावर चढल्याबरोबर सांगावं: आम्ही आता झोपतो, उठल्यावर खाऊ. बिझनेसमध्ये हे बेलाशक सांगता येतं. नाश्त्यासाठी उठवायचं की नाही तेही तेव्हाच सांगा.

शाकाहारी जेवणाबद्दल एक खुबी. भारतातून निघताना बिझनेसच्या मेनूत चांगले शाकाहारी भारतीय पदार्थ बहुतेक असतातच. तिथे आधीपासून एव्हीएमएल, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी विशेष जेवण, नोंदवलं की तुम्ही मेनूतून बाहेर पडता आणि एक ठरावीक ताट येतं. जाताना मुंबईच्या टप्प्यासाठी ते नोंदवू नका. येताना न्यूयॉर्कहून मात्र नक्की नोंदवा, किमान २४ तास आधी, काही कंपन्यांत ४८. जैन असाल तर व्हीजेएमएल, दोन्ही बाजूंनी. मधुमेहींसाठीचं डीबीएमएल मला स्वतःला पटत नाही, ते बहुधा उकडलेलं आणि बेचव येतं. साधं जेवण मागून गोड बाजूला ठेवलेलं बरं. उंचीवर जीभ तशीही मंदावते, मीठ आणि गोड कमी लागतं. बरोबर लोणच्याची छोटी पुडी असली तर कुणी हसत नाही.

पाय सुजण्याबद्दल. सपाट झोपल्याने सूज नक्की कमी होते, पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका बिझनेसमध्ये बसल्याने संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये मांडलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. मूळ धोका लहानच आहे, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. कारण हालचाल नसणं हे आहे. उलट सपाट सीटवर माणूस आठ तास निपचित पडून राहतो. तेव्हा उठलं की वाटेतून एक फेरी, पाणी, आणि गुडघ्याचं ऑपरेशन किती जुनं आहे ते सांगून पायांना दाब देणाऱ्या घट्ट पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारणं. पर्याय असेल तर ए३५० किंवा ७८७ निवडा. त्यांत केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फुटांवरच्या हवेइतका राखतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. वयस्क माणसाला उतरल्यावर हा फरक जाणवतो, असं माझे ग्राहक सांगतात.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आणि कोणती ते नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत. बाबांसाठी बहुधा पहिली. एक व्यावहारिक अडचण: बिझनेसवाले विमानातून आधी बाहेर पडतात, पण व्हीलचेअर ढकलणारा आला नाही तर दाराशी थांबावं लागतं आणि आधी उतरण्याचा फायदा तिथेच जातो. आई-बाबांना चालवत असेल तितकं चालू द्या, पण नोंद असू द्या. बाहेर पडायला उशीर झाला तर मुलाने घाबरून मला फोन करू नये, एवढंच.

सामान बिझनेसला अमेरिकेच्या मार्गावर साधारण प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा. येताना इकॉनॉमी असेल तर ते २३वर येतं, हे आईला जातानाच सांगा. नाहीतर तिकडे घेतलेल्या कढया आणि ब्लँकेटं काउंटरवर उघडावी लागतात. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, कधी पासपोर्टवर ते पहिल्या नावालाच जोडलेलं असतं. पासपोर्टचा फोटो समोर ठेवून टाइप करा, आठवणीवर नाही. दोघांचा पीएनआर एकच ठेवा म्हणजे विमान बदललं, तारीख बदलली तरी दोघं एकत्र हलतील. तारखा आणि बजेटचा अंदाज कळवलात तर त्या आठवड्यात कोणत्या फ्लाइटवर खरोखर १-२-१चं विमान लागलंय ते मी बघून सांगतो.